गुप्तरोगाचा इलाज: कुठे पैसे लागतात आणि कुठे लागू नयेत

लघवीला जळजळ होते, पू येतो. जननेंद्रियावर जखम झाली आहे. जांघेत बद, म्हणजे गाठ, आली आहे. अंगावरून पांढरं जातं, त्याला वास येतो, खाज सुटते. यांतली कोणतीही तक्रार असली तरी तिच्यावरचा इलाज महाराष्ट्रातल्या जिल्हा रुग्णालयात फुकट होतो. बाजारातून औषध विकत घेतलं तरी बहुतेक वेळा पूर्ण कोर्स दोनशे-तीनशे रुपयांच्या पुढे जात नाही. आणि तरीही या आजारांपायी माणसं दहा-वीस हजार घालवतात, उसनवारी करतात, आणि आजार अंगात तसाच राहतो.

भिवंडीच्या गोदामात हमाली करणाऱ्या एका तरुणाने त्याच्या खर्चाचे कागद मला दाखवले होते. पहिला कागद मेडिकलचा: सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गोळ्या, शंभराच्या आत. दुकानदाराने तक्रार न ऐकताच दिलेल्या. त्यानंतर एक चिटोरं, त्यावर ना दुकानाचं नाव ना सही, फक्त आकडा: ६,५००. स्टेशनजवळच्या ‘गुप्तरोग तज्ज्ञा’कडची तीन महिन्यांची पुडी. मग खाजगी लॅबचं ‘फुल पॅकेज’, साडेचार हजारांचं, त्यात थायरॉइड आणि कोलेस्टेरॉलसुद्धा. आणि सगळ्यांत खाली त्वचारोग तज्ज्ञाची पावती: फी ५००, एक इंजेक्शन आणि गोळ्या मिळून दीडशेच्या आसपास. त्याला परमा (गोनोरिया) झाला होता आणि तो त्या शेवटच्या दीडशे रुपयांत बरा झाला. आधीचे अकरा हजार आणि अडीच महिने उगाच गेले. त्या अडीच महिन्यांत तो दोनदा गावी जाऊन आला होता, बायकोकडे.

त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नाही. योग्य दार कोणतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

पहिलं दार: सुरक्षा क्लिनिक

राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत लैंगिक आजारांसाठी वेगळी क्लिनिक चालतात. पाटीवर ‘सुरक्षा क्लिनिक’ असं लिहिलेलं असतं. बहुतेक ठिकाणी ते त्वचारोग विभागाला किंवा स्त्रीरोग विभागाला लागून असतं. डॉक्टर, समुपदेशक, रक्त तपासणी, औषधं, निरोध, यातल्या कशालाही पैसे नाहीत. आपल्या जवळचं केंद्र कुठे आहे हे १०९७ या टोल-फ्री हेल्पलाइनवर विचारता येतं. नाव सांगावं लागत नाही.

लोक अडतात ते केसपेपरच्या खिडकीपाशी. मागे रांग असते, खिडकीतून मोठ्याने विचारणा होते, “काय होतंय?” तिथे तक्रार सांगायची काहीच गरज नाही. पुरुषाने “स्किनचा केसपेपर द्या” म्हणावं, बाईने “गायनिकचा” म्हणावं, एवढं पुरतं. विभागात गेल्यावर सिस्टरना हळूच सुरक्षा क्लिनिक विचारावं. समुपदेशकाची खोली वेगळी असते आणि बोलणं दार लावून होतं. तिथे मात्र काहीही लपवू नका: संबंध कधी आला, कुणाशी, निरोध होता का, तोंडाने किंवा गुदमार्गाने संबंध होता का. हे सगळं उपचारासाठी विचारतात. संसर्ग घशातही होतो, गुदमार्गातही होतो. तुम्ही सांगितलं नाहीत तर तिथे कुणी बघणार नाही.

खर्चाचं म्हणाल तर सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरलाही पैसे नाहीत. महापालिकेच्या आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत केसपेपरचे दहा-वीस रुपये पडू शकतात. खरा खर्च येण्याजाण्याचा आणि बुडालेल्या रोजाचा. म्हणून सकाळी ओपीडी उघडायच्या वेळेलाच पोचा. रक्त दुपारनंतर बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत आणि मग दुसरा रोज बुडतो. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तेवढाच आधार.

आत उपचार कसे होतात हे आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर “तपासणी न करताच गोळ्या दिल्या” असा समज होऊन माणसं दुसरीकडे पैसे मोजायला जातात. लॅब जवळ नसलेल्या गरीब देशांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने लक्षणांवरून उपचार करण्याची पद्धत घालून दिली. रुग्णाला कोणती लक्षणं आहेत ते पाहायचं आणि त्या लक्षणांमागे जे जंतू असू शकतात त्या सगळ्यांवरचं औषध पहिल्याच भेटीत द्यायचं. रिपोर्ट येईपर्यंत थांबवलं तर रोजंदारीवरचा माणूस परत येतोच असं नाही. आपल्याकडे या पद्धतीची औषधं रंगीत पाकिटांत येतात: राखाडी, हिरवं, पांढरं, निळं, लाल, पिवळं, काळं. लघवीच्या जागेतून पू येणाऱ्यासाठी राखाडी. त्यात अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम, एकाच वेळी घ्यायचं. अंगावरून जाणाऱ्या बाईसाठी हिरवं. फोड नसलेल्या जखमेसाठी पांढरं, त्यात पेनिसिलिनचं इंजेक्शन. पाण्याच्या बारीक फोडांसाठी लाल. बाईच्या ओटीपोटात दुखत असेल तर पिवळं, ते चौदा दिवस घ्यायचं. रंग इथे सांगितले ते हातात आलेलं पाकीट ओळखता यावं म्हणून. त्यातलं औषध मेडिकलमधून परस्पर आणावं म्हणून नव्हे.

हे फुकट वाटप म्हणजे सरकारचा दानधर्म नव्हे, हेही समजून घ्यावं. टांझानियातल्या म्वांझा भागात १९९०च्या दशकात काही खेड्यांतल्या साध्या दवाखान्यांत लैंगिक आजारांचा नीट इलाज सुरू केला आणि शेजारच्या तशाच खेड्यांशी तुलना केली. इलाज मिळालेल्या गावांत एचआयव्हीच्या नव्या लागणी सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्या. १९९५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जननेंद्रियावर जखम किंवा सूज असली की एचआयव्हीला आत शिरायला वाट सोपी होते, त्यामुळे परम्यावरची स्वस्त गोळी पुढचा आयुष्यभराचा आजारही अडवू शकते.

बाईचा खर्च वेगळा

लक्षणांवरून उपचार करण्याच्या पद्धतीत एक मोठी उणीव आहे. लक्षणंच नसतील तर काय करायचं, याला तिच्यात उत्तर नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात परमा, क्लॅमिडिया, सिफिलिस आणि ट्रायकोमोनास या चार बऱ्या होणाऱ्या आजारांच्या जगात ३७ कोटी ४० लाख नव्या लागणी झाल्या. यांतल्या बहुतेकांना, विशेषतः बायकांना, काहीच जाणवत नाही. आणि ज्यांना जाणवतं त्यांना ते बाईच्या जातीला असायचंच असं वाटतं.

याचा सगळ्यांत ठोस पुरावा आपल्याच गडचिरोलीतला आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये ती ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, दर स्त्रीमागे सरासरी ३.६ आजार. आणि आयुष्यात त्याआधी कधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. गावातली जवळजवळ प्रत्येक बाई काहीतरी सोसत होती आणि त्याची नोंद कुठेच नव्हती.

अशा सोसण्याची किंमत पुढे भलतीकडेच वसूल होते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर स्त्रियांची गोष्ट आठवा. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. त्यांतल्या अनेकींची मूळ तक्रार काय होती? अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं, पाळीचा त्रास. फडात पाण्याची सोय नाही, आडोसा नाही, एक खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो. मग डॉक्टर म्हणाला “कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका,” की बाई उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेऊन ऑपरेशन करून मोकळी होते. खाजगीत या ऑपरेशनला पंचवीस-तीस हजारांपासून पुढे कितीही लागतात, शिवाय पुढच्या हंगामात ती उचल फेडायची.

म्हणून बायकांसाठी माझं सांगणं स्पष्ट आहे. पांढरं जातं एवढ्या तक्रारीवर कुणी पिशवी काढायला सांगितलं तर त्या दिवशी एक रुपयाही भरू नका. आधी आतून तपासणी झाली पाहिजे, म्हणजे स्पेक्युलम लावून पाहणं. ही दोन मिनिटांची तपासणी न करता सोनोग्राफीवर बोट ठेवून ऑपरेशन सांगणारा डॉक्टर सोडावा. मग औषधांचा कोर्स झाला पाहिजे, नवऱ्याचाही. आणि कॅन्सरची भीती घातली असेल तर गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्या. सरकारी रुग्णालयांत आणि आरोग्य केंद्रांत तीस वर्षांवरच्या स्त्रियांसाठी व्हिनेगरसारखं द्रावण लावून करायची तपासणी विनामूल्य होते. खाजगीत पॅप स्मिअरचे साधारण पाचशे ते हजार रुपये, एचपीव्ही तपासणीचे दीड हजारांपासून साडेतीन हजारांपर्यंत. ऑपरेशनच्या खर्चापुढे हे काहीच नाही. एवढं झाल्यावरही पिशवी काढायलाच हवी असं ठरलं तर दुसऱ्या, शक्यतो सरकारी, स्त्रीरोग तज्ज्ञाचं मत घ्या.

आणखी एक. सगळं पांढरं जाणं हा लैंगिक आजार नसतो. पाळीच्या मध्यावर काही दिवस पातळ, वास नसलेलं जाणं नैसर्गिक आहे. बुरशीची लागण नवऱ्याकडूनच येते असंही नाही. त्यामुळे रिपोर्ट आल्याआल्या घरात भांडण करण्याआधी समुपदेशक ताईंशी बोलून घ्या.

खाजगीत गेलात तर

खाजगीत जाण्यात गैर काही नाही. ओळखीचं कुणी भेटेल या भीतीने सरकारी रुग्णालय टाळणारे पुष्कळ आहेत, आणि उशीर करण्यापेक्षा खाजगीत गेलेलं केव्हाही चांगलं. फक्त पाटी वाचून जा. ‘त्वचा व गुप्तरोग’ विषयातली एमडी किंवा डीव्हीडी ही पदवी आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक हवा. तालुक्याच्या गावी फी साधारण तीनशे ते पाचशे, पुण्या-मुंबईत सातशे ते दीड हजार. बाईने स्त्रीरोग तज्ज्ञाकडे जावं.

पुढे दिलेले दर ढोबळ आहेत. शहराप्रमाणे आणि लॅबप्रमाणे ते हलतात. सिफिलिससाठी व्हीडीआरएल: शंभर ते चारशे. टीपीएचए: तीनशे ते आठशे. एचआयव्ही: तीनशे ते हजार. हिपॅटायटिस बी: दोनशे ते सहाशे. हिपॅटायटिस सी: पाचशे ते हजार. परमा आणि क्लॅमिडियासह सात-आठ जंतू एकदम शोधणारी पीसीआर तपासणी: तीन ते सात हजार. यांतल्या पहिल्या पाच तपासण्या सरकारात मोफत होऊ शकतात, म्हणून नुसती एचआयव्हीची तपासणी करायची असेल तर पैसे घालवू नका. ग्रामीण रुग्णालयापर्यंत सगळीकडे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र असतं. हिपॅटायटिससाठी २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्यात तपासणी आणि औषध दोन्ही मिळतं. हिपॅटायटिस सी बहुतेकांचा तीन महिन्यांच्या गोळ्यांत पूर्ण बरा होतो.

पीसीआर कधी करावी? लक्षणं स्पष्ट आहेत आणि पहिलाच उपचार आहे, तेव्हा डॉक्टर मागत नसतील तर आपण होऊन करू नये. उपचार घेऊनही त्रास परत आला, किंवा लक्षणं नाहीत पण जोखीम मोठी आहे आणि पैसे परवडतात, तेव्हा तिचा उपयोग आहे. त्या रिपोर्टात युरियाप्लाझ्मासारखी नावं ‘डिटेक्टेड’ म्हणून येतात. निरोगी माणसांतही ती सापडतात, त्यामुळे लक्षणं नसताना त्यांच्यावर औषध घ्यायची घाई करू नका. नागिणीसारख्या फोडांचा जो लैंगिक आजार आहे, हर्पिस, त्याच्या रक्तातल्या आयजीएम तपासणीवर तर पैसे घालवूच नयेत. फोड असताना ते डॉक्टरला दाखवणं हीच त्याची तपासणी. त्याच्या असायक्लोविरच्या कोर्सला दीडशे ते अडीचशे रुपये लागतात. हा आजार पुन्हा पुन्हा उठू शकतो आणि तो मुळापासून काढण्याचं औषध आज नाही, म्हणून ‘मुळापासून’ असा शब्द वापरणाऱ्याला पैसे देऊ नका.

सिफिलिसच्या रिपोर्टबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सर्वांत जास्त फसवणूक तिथे होते. व्हीडीआरएलच्या कागदावर ‘रिअॅक्टिव्ह’ आणि पुढे १:३२ असा आकडा येतो. दुसरा आकडा मोठा म्हणजे आजार जास्त सक्रिय. आकडा लहान असेल, १:२ किंवा १:४, तर दुसऱ्या एखाद्या तापामुळे किंवा गरोदरपणामुळेही तो येऊ शकतो, म्हणून टीपीएचए एकदा करून खात्री करतात. एकदाच. ती तपासणी बरं झाल्यावरही बहुतेकांत आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते, त्यामुळे ‘बरा झालो का’ हे बघायला ती पुन्हा करणं म्हणजे पैसे पाण्यात. उपचार म्हणजे बेंझाथीन पेनिसिलिनचं इंजेक्शन, २४ लाख युनिट. दुधासारखं दाट, कुल्ल्यावर घ्यायचं, चांगलंच दुखतं. आजार अलीकडचा असेल तर एकच, जुना असेल तर आठवड्याला एक अशी तीन. औषधाची किंमत शंभर रुपयांच्या आत. पेनिसिलिनची अॅलर्जी आहे का हे विचारूनच देतात, म्हणून ते दवाखान्यातच घ्यावं. त्या रात्री ताप, थंडी, अंगदुखी होऊ शकते. अनेक जण तेव्हा “इंजेक्शन बाधलं” म्हणून घाबरतात आणि परत जात नाहीत. जंतू मरताना होणारी ती प्रतिक्रिया आहे, दिवसभरात उतरते, पॅरासिटामॉल पुरते. अंगावर पित्त उठलं किंवा श्वास लागला तर मात्र ताबडतोब परत जा. सहा महिने ते वर्षभरात १:३२ चा आकडा १:८ पर्यंत किंवा खाली आला की उपचार लागू पडला. काहींचा आकडा १:२ वर कायम अडकून राहतो. तो शून्यावर आणण्यासाठी दर महिन्याला इंजेक्शन टोचणारे आहेत, त्यांच्यापासून लांब राहा.

परम्याबद्दल एकच गोष्ट: सिप्रोफ्लॉक्सॅसिनला आता त्याचे जंतू दाद देत नाहीत. काउंटरवर मिळणाऱ्या त्या गोळ्यांनी दोन दिवस जळजळ कमी वाटते आणि आजार आत मुरतो. पुढे पुरुषाला लघवीचा मार्ग आवळणं, बाईला नळ्या बंद होऊन मूल न राहणं, इथपर्यंत गोष्ट जाते. वंध्यत्वाच्या उपचाराचा एक फेरा दीड-दोन लाखांचा असतो.

भिंतीवरचे डॉक्टर

लोकलच्या डब्यांत चिकटवलेली चिठोरी, रुळांकडेच्या भिंतींवर रंगवलेले मोबाइल नंबर, लॉजमध्ये ठरावीक तारखांना बसणारे वैद्यराज. गुप्तरोग बरे करण्याची जाहिरात करणं १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. सिफिलिस आणि परमा त्या यादीत नावानिशी आहेत. म्हणजे जो हे रोग बरे करण्याची हमी जाहिरातीतून देतो, तो तुमच्याशी बोलायच्या आधीच कायदा मोडून बसलेला असतो. त्याच्याकडच्या पुडीत स्टेरॉइड असू शकतं, जड धातू असू शकतात. तो पावती देत नाही, म्हणून तक्रारही करता येत नाही. आधीच दिलेले पैसे वसूल व्हावेत म्हणून कोर्स पुरा करू नका. कोणत्याही टप्प्यावर सोडून द्या आणि पुडी दाखवायला सोबत घेऊन डॉक्टरकडे जा.

ज्यात तास मोजावे लागतात

एचआयव्हीची लागण झाली असण्याची दाट शक्यता असेल, तर ती रोखण्याच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात आणि २८ दिवस घ्याव्या लागतात. जितक्या लवकर तितकं चांगलं. जिल्हा रुग्णालयातल्या एआरटी केंद्रात (एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रात) किंवा रात्री अपघात विभागात जाऊन या गोळ्या, म्हणजे ‘पेप’, थेट मागा. खाजगीत या गोळ्यांची महिन्याची बाटली साधारण दोन ते चार हजारांत येते. पैसे जमवण्यात दोन दिवस गेले तर तिचा उपयोग संपतो.

लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीला सरकारी असो की खाजगी, कोणत्याही रुग्णालयाने विनामूल्य उपचार देणं बंधनकारक आहे. आधी पोलिसांत जाऊन या, असं म्हणता येत नाही. उपचार नाकारणं हा गुन्हा आहे. पेप, लैंगिक आजारांची औषधं, गर्भ राहू नये म्हणून गोळी, हे सगळं त्या उपचारात येतं.

एचआयव्हीची तपासणी पॉझिटिव्ह आलीच, तर एप्रिल २००४ पासून त्याची औषधं सरकारी केंद्रांत मोफत आहेत आणि आयुष्यभर मोफत आहेत. गोळ्या नियमित घेऊन रक्तातले विषाणू मोजता न येण्याइतके कमी झाले की जोडीदाराला संबंधांतून लागण होत नाही. २०१७ च्या कायद्याप्रमाणे तुमच्या संमतीशिवाय ही तपासणी करता येत नाही, निकाल तिसऱ्याला सांगता येत नाही आणि नोकरी देताना तिची अट घालता येत नाही.

वय अठराच्या आत असेल तर डॉक्टरवर पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवण्याची जबाबदारी येते. हे मुलांना आणि पालकांना माहीत असावं. पण त्यामुळे उपचार टाळू नयेत. मुलीच्या ओटीपोटात दुखत असताना घरी बसवून ठेवण्याने होणारं नुकसान भरून येत नाही.

टाळण्याचा खर्च

निरोध १९६८ पासून आपल्या देशात आहे आणि आरोग्य केंद्रात, चाचणी केंद्रात, आशाताईंकडे तो फुकट मिळतो. दुकानातल्या कंडोमवर जीएसटी नाही, साधा कंडोम दहा रुपयांच्या आसपास पडतो. खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावलं तर रबर फाटतं, पाण्याचं वंगण वापरावं. आणि पाकिटात घडी करून महिनोन्महिने ठेवलेला कंडोम वापरू नये.

हिपॅटायटिस बी लसीच्या मोठ्यांना तीन मात्रा लागतात, प्रत्येकी शंभर ते तीनशे रुपये. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धची एचपीव्ही लस महाग होती. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅक लसीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली आणि तिची एक मात्रा साधारण दोन हजारांत येते. परदेशी नऊ-प्रकारांच्या लसीची मात्रा दहा हजारांच्या वर. ९ ते १४ वयात खाजगीत सहसा दोन मात्रा देतात, पंधरानंतर तीन, म्हणजे लवकर दिली तर एका मात्रेचे पैसेही वाचतात. मुलीला सरकारी मोहिमेत फुकट मिळते का हे आधी आशाताईंना विचारा.

गरोदर बाईची पहिल्याच तपासणीत एचआयव्ही आणि सिफिलिसची रक्त तपासणी आरोग्य केंद्रात विनामूल्य होते. बाळंतपण खाजगीत करायचं असलं तरी ती तिथे करून रिपोर्ट फाइलला लावा. सिफिलिस निघाला तर वेळेत दिलेलं पेनिसिलिन पोटातल्या बाळालाही वाचवतं. उशीर झाला तर बाळ पोटातच जाऊ शकतं किंवा आजार घेऊन जन्मतं.

लक्षणं नसताना तपासणी कुणी करावी? घरापासून महिनोन्महिने लांब राहणाऱ्यांनी, एकाहून अधिक जोडीदार असणाऱ्यांनी, पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांनी, शरीरविक्रय करणाऱ्यांनी आणि या सगळ्यांच्या बायका-नवऱ्यांनी. वर्षातून एकदा तरी, जोखीम जास्त असेल तर तीन ते सहा महिन्यांनी. शेवटच्या संबंधानंतर लगेच केलेली एचआयव्ही तपासणी निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी पुन्हा करावी लागते. सरकारी रुग्णालयात अपमान होईल असं वाटत असेल तर संस्थांच्या आधाराने जा. सांगलीत संग्राम १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांबरोबर काम करते, मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून समलिंगी पुरुष आणि तृतीयपंथीयांबरोबर. इतर जिल्ह्यांतही एड्स नियंत्रण संस्थेच्या मदतीने चालणारे असे प्रकल्प आहेत. पत्ता १०९७ वर मिळतो.

जोडीदाराचं औषध

एकट्याने घेतलेला इलाज अर्धा राहतो आणि खर्च पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. सुरक्षा क्लिनिकमध्ये समुपदेशक जोडीदारासाठी चिठ्ठी देतात. ती दाखवली की त्याची किंवा तिची तपासणी आणि औषध विनामूल्य होतं. चिठ्ठी मागून घ्या, विसरू नका. नवरा शहरात आणि बायको गावी असेल तर तिला तिच्याच जवळच्या रुग्णालयात जाता येतं, तेवढ्यासाठी मुंबईला आणायची गरज नाही. घरी सांगणं जड जात असेल तर समुपदेशकांना सांगा, दोघांना एकत्र बसवून बोलण्याचं काम त्या रोज करतात. बायकोला काहीच त्रास होत नाही म्हणून तिचं औषध टाळू नका. त्रास नसणं हे तिच्या बाबतीत लागण नसल्याचं लक्षण धरता येत नाही.

दोघांचं औषध झाल्यावर सात दिवस आणि जखम असेल तर ती पूर्ण भरेपर्यंत संबंध ठेवू नका. आठवड्याने पुन्हा दाखवायला जा, त्रास गेला असला तरी. एचआयव्ही आणि सिफिलिसच्या पुढच्या तपासणीची तारीख त्याच वेळी केसपेपरवर लिहून घ्या, आणि तो केसपेपर जपून ठेवा: गाव बदललं, रुग्णालय बदललं तर त्यावरचा औषधाचा आणि आकड्यांचा तपशील पाहून पुढचा डॉक्टर त्याच तपासण्या पुन्हा करायला लावणार नाही.